बौद्धिक भांडवल मोजताना छेदाकडे बघा : रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा हिशेब

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. २०२४ मध्ये कोकण ९९.०१ टक्के, राज्य ९५.८१ आणि सगळ्यात खाली नागपूर ९४.७३. पेढे वाटायला हरकत नाही. पण हाच आकडा उचलून कुणी 'जिल्ह्याचं बौद्धिक भांडवल' अशा मथळ्याच्या तक्त्यात घातला की हिशेब बिघडायला सुरुवात होते. कुठे बिघडतो आणि का, हे सांगण्यासाठी ही पोस्ट. उदाहरणं मुद्दाम रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घेतली आहेत, कारण हे मोजमाप जितक्या प्रकारे फसू शकतं तितक्या सगळ्या प्रकारे ते इथे फसतं.

आधी शब्दाचा अर्थ. स्कॅन्डिया ही स्वीडनची विमा कंपनी. तिने लेफ एडविन्सन यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये वार्षिक अहवालाला बौद्धिक भांडवलाची पुरवणी जोडली. ताळेबंदात इमारत दिसते, संगणक दिसतो. माणसांचं कसब, कामाच्या पद्धती, ग्राहकांशी जुळलेलं नातं मात्र दिसत नाही, आणि कंपनीची खरी किंमत त्यातच असते, असा मुद्दा होता. तिथे 'संरचनात्मक भांडवल' ओळखायची कसोटी सोपी होती : संध्याकाळी नोकरमाणसं घरी गेली की कचेरीत जे उरतं ते. कोकणात ही कसोटी थोडी बदलून लावता येते. माणूस रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला, की गावात काय उरतं?

कंपनीची ही चौकट देशांना लावायला फार वर्षं लागली नाहीत. स्वीडनमध्येच सुरुवात झाली, १९९८ मध्ये इस्राएलचा अहवाल एडना पाशर यांनी केला, २००४ मध्ये निक बॉन्टिस यांनी दहा अरब देशांचा निर्देशांक मांडला. खाने साधारण तेच राहिले : मानवी भांडवल, प्रक्रियांचं भांडवल, बाजार किंवा संबंधांचं भांडवल आणि नूतनीकरणाचं, म्हणजे संशोधन, नवं वाण, नवी पद्धत यांचं भांडवल. आपल्याकडे नीती आयोगाने २०१९ पासून इंडिया इनोव्हेशन इंडेक्स काढला. तो राज्यांचा आहे. महाराष्ट्राला एकच आकडा मिळतो आणि त्यात पुण्याची हिंजवडी नि देवगडचं मिठबाव एकाच टोपलीत पडतात. जिल्ह्यासाठी तो बिनकामाचा.

मानवी भांडवलाचं सर्वात स्वच्छ सूत्र जागतिक बँकेच्या ह्युमन कॅपिटल इंडेक्समध्ये सापडतं. ते हाताने सोडवून बघण्यासारखं आहे. भारताचे २०२० चे आकडे घ्या. आज जन्मलेलं मूल अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ११.१ वर्षं शाळेत जाईल. पण शाळेत जाणं म्हणजे शिकणं नव्हे, म्हणून परीक्षांवरून काढलेले ३९९ गुण ६२५ ने भागायचे आणि त्या ११.१ ला गुणायचं. उत्तर ७.१ वर्षं. चार वर्षं बाकावर बसून वाया गेली, असा त्याचा सरळ अर्थ. आता १४ वर्षं ही पूर्ण शाळा धरून, कमी पडलेल्या प्रत्येक वर्षामागे ०.०८ या दराने घट : ई (गणितातला २.७१८ हा स्थिरांक) चा घात ०.०८ × (७.१ − १४) म्हणजे सुमारे ०.५८. पाच वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता ०.९६. प्रौढांचं जगणं आणि मुलांची खुंटलेली वाढ यांतून आरोग्याचा गुणक सुमारे ०.८९. तिन्हींचा गुणाकार ०.४९, आणि भारताचा जाहीर आकडाही तोच आहे.

या सूत्राचं मोठेपण त्या ३९९ मध्ये आहे. शाळेची वर्षं मोजणं सोपं, शिकणं मोजणं अवघड, आणि बँकेने अवघड गोष्ट आत घेतली. जिल्ह्यासाठी हे करायचं तर दहावीचा उत्तीर्ण टक्का त्या जागी बसवून चालत नाही. जवळपास सगळेच पास होतात तिथे तो टक्का शिकण्याबद्दल काही सांगतच नाही, कारण छताला टेकलेला आकडा वर जाऊ शकत नाही.

वर त्याला किमान-कमाल पद्धतीत घातलं की तो उलट जास्तच बोलू लागतो. सगळ्यात कमी विभागाला ०, सगळ्यात जास्त विभागाला १, बाकीचे मधे. नागपूर ०, कोकण १. पुण्याचे ९६.४४ टक्के म्हणजे (९६.४४ − ९४.७३) भागिले ४.२८, म्हणजे ०.४०. मुंबईचे ९५.८३ म्हणजे ०.२६. सव्वाचार टक्क्यांच्या फरकाचा शून्य ते एक असा अख्खा पल्ला झाला. वाचणाऱ्याला वाटतं, कोकणातली मुलं मुंबईच्या चौपट शिकलेली. उपाय म्हणजे टोकं आकडेवारीतून न घेता बाहेरून ठरवायची, उदाहरणार्थ ५० आणि १००. मग कोकण ०.९८, नागपूर ०.८९. फरक जेवढा आहे तेवढाच दिसतो. त्याहून बरं, उत्तीर्ण टक्का सोडून द्या आणि गणित-विज्ञानात ठरावीक गुणांच्या वरची मुलं किती, ते घ्या.

आता मुख्य दुखणं, छेद.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली, ४.८ आणि २.२ टक्क्यांनी. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. मुली जास्त जन्मतात म्हणून हे झालेलं नाही, कमावते पुरुष मुंबई-पुण्यात आहेत म्हणून झालं आहे. साक्षरता रत्नागिरीची ८२.१८ टक्के, सिंधुदुर्गाची ८५.५६. पण ती उरलेल्यांची. शिकून गेलेला माणूस अंशातही नाही आणि छेदातही नाही.

याचा परिणाम विचित्र होतो. दरडोई मोजलेला जवळजवळ प्रत्येक निर्देशक माणसं गेल्यावर सुधारतो. दर हजार माणसांमागे ग्रंथालयं वाढतात, दर हजारामागे डॉक्टर वाढतात. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणात तर हे सर्वात ठळक दिसतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वाडीतल्या शाळेचा पट पन्नासचा बारा झाला, की पंचवीसला एक असलेलं प्रमाण सहाला एक होतं. तक्त्यात ही जागतिक दर्जाची शाळा दिसते. प्रत्यक्षात तिथे एक शिक्षक चार इयत्ता एका वर्गात घेतोय, दुसरा माहिती भरायला केंद्रावर गेलाय, आणि पुढच्या वर्षी शाळा शेजारच्या गावात विलीन करायची चर्चा चालू आहे. म्हणून कोकणासाठी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. यू-डायसमधून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातून, पटसंख्येनुसार शाळांची वाटणी काढा आणि 'प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असलेल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचा टक्का' मोजा. हा आकडा माणसं गेल्यावर फुगत नाही.

मग गेलेल्यांचं काय करायचं? दोन हिशेब ठेवावे लागतात. एक राहत्या ठिकाणाप्रमाणे : आज जिल्ह्यात कोण आहे. दुसरा जन्मगावाप्रमाणे : जिल्ह्याने घडवलेली माणसं कुठेही असोत. जनगणनेच्या स्थलांतराच्या तक्त्यांत जन्मस्थान आणि मागचं राहण्याचं ठिकाण असतं, त्यामुळे दुसरा हिशेब ढोबळपणे जमतो. या दोन आकड्यांमधली दरी हीच खरी गळती, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तिला जागा हवी. एकच आकडा द्यायचा हट्ट धरला तर कुठला तरी एक पक्ष खोटा ठरतो.

घरी येणारा पैसाही मोजमापाला चकवतो. जागतिक बँकेने २००६ मध्ये देशांची संपत्ती मोजताना अमूर्त भांडवल शेवटी उरणारी बाकी म्हणून काढलं होतं. पुढच्या काळातल्या उपभोगावरून एकूण संपत्ती ठरवायची, त्यातून यंत्रं-इमारती आणि जमीन-जंगल-खनिजं वजा करायची, उरलं ते अमूर्त. आता ज्या गावात मुंबईच्या पैशावर घराला चिरा लागतो, तिथे ही पद्धत लावून बघा. उपभोग जास्त, कारखाना नाही, जमीन थोडी. बाकी प्रचंड निघते आणि गाव ज्ञानसंपन्न ठरतं. ती बाकी खरं तर लालबागच्या खोलीतून आलेली असते. जिल्ह्यासाठी बाकीची पद्धत टाळा.

संरचनात्मक भांडवल, म्हणजे गाडी गेल्यावर उरणारं, हा कोकणाचा सर्वात रंजक खाना आहे आणि सर्वात दुर्लक्षितही. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूची वेंगुर्ला मालिकेतली वाणं आली. नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आंबा १९८१ मध्ये, रत्ना आणि हापूसच्या संकरातून पातळ कोयीचा सिंधू १९९२ मध्ये. निर्देशांक बनवणारे इथे 'प्रसारित वाणांची संख्या' हा स्तंभ टाकतात. तो चुकीचा आहे. वाण प्रसारित झालं म्हणजे ते लागलं असं नाही. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर बिघडतो, रत्नात होत नाही, तरी वाशीच्या मार्केटला पेटी हापूसचीच लागते. काजूत मात्र वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं खरोखरच बागांतून उभी आहेत. म्हणून स्तंभ हवा तो 'वाणाखालचं क्षेत्र', किंवा निदान परवानाधारक रोपवाटिकांनी वर्षाला विकलेली कलमं.

संशोधनाचा साठा काढण्याची रूढ रीत इथे आणखी एक घोळ घालते. रीत अशी : मागच्या वर्षीच्या साठ्यातून १५ टक्के झीज वजा करा, यंदाचा खर्च मिळवा. दर साल १० लाख खर्च होत राहिला तर साठा ६६-६७ लाखांवर स्थिरावतो. औषध कंपनी, मोबाइल कंपनी यांना हे ठीक. पण १५ टक्के झिजेने वीस वर्षांनी मूळ खर्चाचे चारच टक्के उरतात, म्हणजे १९८१ चा रत्ना २००१ मध्ये संपल्यात जमा. कलमाचं झाड तेव्हा कुठे भरात आलेलं असतं! फळबागेच्या संशोधनाला झिजेचा दर बराच खाली, पाचच्या आसपास, धरून दोन्ही उत्तरं शेजारी छापावीत. पाच टक्क्यांनी वीस वर्षांनंतर ३६ टक्के उरतात. मात्र सुरुवातीची काही वर्षं वाणाचा उपयोग शून्यच असतो, हेही ध्यानात असू द्या.

लिहून ठेवलेलं ज्ञान आणि हातातलं ज्ञान यांतला फरक आंब्यात छान दिसतो. कल्टारची, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायच्या वाढरोधकाची, मात्रा लिहिता येते : झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवतीच्या मातीत. ही ओळ एकदा छापली की ती जिल्ह्याची झाली, आणि खरं तर कर्नाटकाचीही झाली. झाड अशक्त असताना कल्टार द्यायचं नाही, दिलं तर पालवी गुच्छासारखी दबते, फांद्या खुरटतात, हे ओळखणारी नजर मात्र त्या ओळीत नाही.

कोय कलम बांधणाऱ्याचं कसब तर थेट मोजता येतं, आणि ते कुणी मोजत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस पानांचं रोप, त्यावर तीन-चार महिन्यांची काडी, चार-पाच सेंटिमीटरची पाचर, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधणी. शंभर बांधली तर दोन महिन्यांनी किती जगली? हीच परीक्षा, हाच गुण. तालुक्यात बांधणारे किती, त्यांची जगण्याची टक्केवारी किती, वयं काय, आणि हाताखाली शिकणारं कुणी आहे का : चार प्रश्न. दमट हवेत टक्का वाढतो, पावसाला खंड पडला की घसरतो, म्हणून एकाच हंगामाची नोंद घेऊन कुणाला हुशार-बिनहुशार ठरवू नका. तीन हंगामांची सरासरी घ्या. समुद्रावर तेच तांडेलाबाबत, म्हणजे होडीच्या प्रमुखाबाबत. सागरी मत्स्यगणना २००५, २०१० आणि २०१६ मध्ये झाली, त्यात होड्या, जाळी, मच्छीमार कुटुंबं मोजली गेली. पण होडी मोजणं आणि तांडेल मोजणं वेगळं. खलाशी बाहेरगावचे आणि नेपाळचेही, तांडेल साठीकडे झुकलेला, अशी होडी गणनेत एकच होडी दिसते.

जीआयकडे वळू. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोकम, वेंगुर्ल्याचा काजू, अलिबागचा पांढरा कांदा यांनाही ते आहे. मानांकनं मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. पण नोंदवहीचे दोन भाग असतात. भाग 'अ' मध्ये मानांकन, भाग 'ब' मध्ये ते वापरण्याचा अधिकार घेतलेले उत्पादक. भाग 'ब' रिकामा असेल तर मानांकन भिंतीवरच्या प्रमाणपत्रासारखं. योग्य निर्देशक म्हणजे भाग 'ब' मधली नावं भागिले जिल्ह्यातले त्या पिकाचे बागायतदार. नोंदणी दहा वर्षांची असते, त्यामुळे नूतनीकरण झालं का हा स्तंभही हवा.

पेटंटमध्ये पत्त्याची गंमत आहे. अर्जदाराच्या पत्त्यावर मोजलं तर सगळं मुंबईच्या खात्यात जातं, कारण कंपनीची नोंदणी तिथली. संशोधकाच्या पत्त्यावर मोजलं तर चित्र बदलतं. प्रादेशिक अभ्यासात रूढ रीत दुसरी आहे, आणि चार संशोधकांपैकी एक चिपळूणचा असेल तर रत्नागिरी जिल्ह्याला पाव पेटंट. भारतीय पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, त्यातून हे हाताने काढता येतं. वेळखाऊ काम आहे. आकडे इतके लहान की एका वर्षी तीन, पुढच्या वर्षी शून्य. म्हणून पाच वर्षांची बेरीज, एका वर्षाचा क्रमांक कधीच नाही.

उद्योगांसाठी बरेच जण पुलिच यांचा बौद्धिक भांडवलाचा गुणांक वापरतात, कारण तो नुसत्या नफा-तोटा पत्रकावरून आणि ताळेबंदावरून निघतो. काजू प्रक्रिया केंद्राचं मानीव उदाहरण घ्या. विक्री १०० लाख, काजू बी, जळण, वीज, पॅकिंग मिळून खरेदी ८२ लाख. मूल्यवर्धन १८ लाख. मजुरी-पगार ९ लाख. मानवी कार्यक्षमता १८ भागिले ९, म्हणजे २. संरचनात्मक (१८ − ९) भागिले १८, म्हणजे ०.५. गुंतवलेलं भांडवल ४५ लाख, म्हणून १८ भागिले ४५, ०.४. बेरीज २.९.

आता फोडणी नि सोलणी करणाऱ्या बायकांची मजुरी कमी करून पगाराचा खर्च ६ लाखांवर आणा. बाकी काही बदललं नाही. मानवी कार्यक्षमता ३, संरचनात्मक ०.६७, भांडवलाची ०.४. बेरीज ४.०७. मजुरी कापली आणि केंद्राचं 'बौद्धिक भांडवल' चाळीस टक्क्यांनी वाढलं! हातमोजे न घालता काजूच्या चिकाने बोटं काळी झालेली बाई या सूत्रात फक्त खर्च आहे. जिथे मजुरी बाजारभावाने ठरते आणि माणसं सोडून जाऊ शकतात, तिथे या गुणांकाला थोडा अर्थ आहे. गावात दुसरं काम नसलेल्या ठिकाणी तो वापरू नये. त्याऐवजी अखंड काजूगराचा टक्का बघा. अखंड गर आणि तुकडा यांच्या भावात चांगलाच फरक असतो, आणि तो टक्का यंत्रापेक्षा हातावर आणि बी वाफवण्याच्या अंदाजावर जास्त ठरतो.

चार खान्यांचे गुण आल्यावर एकत्र कसे करायचे? समजा मानवी ०.९, संरचनात्मक ०.२, संबंधांचे ०.५, नूतनीकरणाचे ०.३. साधी सरासरी ०.४७५. गुणोत्तर मध्य, म्हणजे गुणाकाराचं चौथं मूळ, ०.४१. साध्या सरासरीत शाळेची हुशारी संरचनेची उणीव झाकते. गुणोत्तर मध्यात झाकू शकत नाही. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये याच कारणासाठी रीत बदलली. एक खड्डा सांभाळा : किमान-कमाल पद्धतीत कुणाला तरी ० मिळतोच, आणि एक शून्य आला की गुणाकार सगळाच शून्य. टोकं बाहेरून ठरवली असतील तर ही अडचण बहुतेक वेळा येतच नाही.

'सगळ्यांना समान वजन' म्हणजे निःपक्षपात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मानवी खान्यात आठ निर्देशक आणि संबंधांच्या खान्यात दोन असतील आणि वजन निर्देशकाला दिलं असेल, तर मानवी भांडवलाला चौपट वजन गेलं. आधी खान्याला वजन द्या, मग खान्याच्या आत वाटा. आणि वजनं दहा-वीस टक्क्यांनी हलवून बघा. जिल्ह्याचा क्रमांक तेवढ्याने चार जागा हलत असेल तर क्रमांक छापू नका, पट्टा छापा, म्हणजे तो कुठून कुठपर्यंत हलतो ते.

संबंधांच्या खान्यात कोकणाकडे एक मोठी गोष्ट आहे : गावोगावची मुंबई मंडळं, म्हणजे मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या संघटना. देऊळ, शाळेची खोली, नळपाणी, रस्ता, यांसाठी पैसा आणि ओळखी मंडळातून येतात. पण मंडळाच्या पावतीपुस्तकात देणगी असते, ज्ञान नसतं. शिमगा-गणपतीला आलेल्यांपैकी किती जणांनी गावातल्या मुलांना, बागायतदारांना, बचत गटाला आपल्या धंद्यातलं काही शिकवलं, वर्षाला किती तास, हे विचारा. तास हे एकक साधं आहे आणि खोटं सांगायचा मोहही कमी.

माहिती कुठून आणायची : अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन तालुकावार तक्ते देतं, यू-डायस शाळांचं, जनगणनेची घरयादी बंद आणि रिकाम्या घरांची. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींनी करायच्या लोक-जैवविविधता नोंदवह्या खरं तर स्थानिक ज्ञानाचा सर्वात चांगला साठा व्हायला हव्यात. त्या वापरण्यापूर्वी शेजारच्या दोन गावांच्या शेजारी ठेवून वाचा. वनस्पतींची यादी त्याच क्रमाने, त्याच चुकांसकट असेल, तर ती नोंदवही गावात बसून लिहिलेली नाही, आणि त्या गावाला त्या स्तंभात शून्य द्यायचं. २०११ नंतरची जनगणना आता २०२७ मध्ये आहे; तोवर लोकसंख्येचे छेद अंदाजाचे, म्हणून दरडोई आकड्यांशेजारी एकूण आकडाही छापायचा आणि वाडीतली बंद घरं स्वतः मोजून घ्यायची. मोजणी मेच्या सुट्टीत किंवा गणपतीत नको. जुलैत, लावणीच्या दिवसांत जा. तेव्हा जे घर उघडं, ते उघडं.